चिलीम आणि कुऱ्हाड

इंग्रजी कादंबऱ्या वाचून ज्यांनीं अमेरिकेची पहिली ओळख करून घेतली, त्यांच्या मनांत ‘टॉमहॉक’ हा शब्द एका ठराविक चित्राशीं जखडलेला असतो. घनदाट अरण्य, झाडाआड दबा धरून बसलेला रंगविलेल्या तोंडाचा योद्धा आणि त्याच्या हातांत लखलखणारी लहानशी कुऱ्हाड. फेनिमोर कूपरची ‘दि लास्ट ऑफ दि मोहिकन्स’ ही कादंबरी १८२६ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यासारख्या कथांनीं हें चित्र जगभर नेलें, आणि आपल्याकडील वाचकांनींही तें फारशी शंका न घेतां स्वीकारलें. टॉमहॉक म्हणजे रानटीपणाचें हत्यार, आणि त्याच्यापुढें उभा असलेला गोरा वसाहतवाला म्हणजे सुधारणेचा प्रतिनिधि, असा या चित्राचा मथितार्थ.

वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवलेले अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील टॉमहॉक पाहिले म्हणजे या चित्राला तडा जातो. पात्यावर नाजूक कोरीव काम. लोखंडांत बसविलेल्या रुप्याच्या चंद्रकोरी, तारे आणि हृदयाकृति. दांड्यावर पितळी खिळ्यांच्या रांगा. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, साध्या कुऱ्हाडीला जेथें बोथट माथा असतो तेथें तंबाखू भरण्याची सुबक चिलीम! एका बाजूनें मनुष्य मारावा आणि दुसऱ्या बाजूनें त्याच्याच शेजारीं बसून धूर ओढावा, अशी ही दुतोंडी वस्तु. ती घडविली कोणीं? बहुतेक वेळां गोऱ्या लोहारानें. मिरविली कोणीं? त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनीं. आणि एका लहानशा कुऱ्हाडीवर एवढी शोभा कां खर्च झाली? या शेवटच्या प्रश्नाचा मागोवा घेतां घेतां आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, ही शोभा केवळ डोळ्यांच्या सुखासाठीं नव्हती. ज्या दोन समाजांस एकमेकांची भाषा येत नव्हती, लिहिलेल्या कागदावर ज्यांपैकीं एकाचा विश्वास नव्हता, त्यांनीं एकमेकांस दिलेलें वचन त्या नक्षींत गोठलेलें आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. आजच्या व्हर्जिनिया प्रांतांत पोव्हाटन लोकांची जी भाषा बोलली जाई, तींतून हा शब्द इंग्रजींत आला. कॅप्टन जॉन स्मिथ यानें १६१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनियाच्या वर्णनांत तेथील शब्दांची एक लहानशी यादी दिली आहे. तींत हा शब्द कुऱ्हाड या अर्थीं नोंदलेला आहे. त्या काळीं त्या लोकांस लोखंड गाळण्याची विद्या अवगत नव्हती. सुपीरियर सरोवराच्या आसपास सांपडणारें शुद्ध तांबें ठोकून हत्यारें करण्याची कला फार प्राचीन काळापासून होती. पण नित्याची कुऱ्हाड म्हणजे घासून गुळगुळीत केलेला दगड लांकडी दांड्यांत बसवून तयार केलेली. युद्धासाठीं टोंकाला गोळा ठेवून कोरलेला लांकडी सोटा असे. तेव्हां नांव त्यांचें आणि कल्पनाही त्यांची. धातु मात्र समुद्रापलीकडून आला.

तो आला व्यापाराच्या वाटेनें. सोळाव्या शतकांत देवमाशांच्या शिकारीसाठीं बास्क खलाशी लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर येऊं लागले. त्यांच्या मागून फ्रेंच, डच आणि इंग्रज आले. बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या लोंकरीच्या टोप्यांचें युरोपला वेड लागलें होतें. त्या कातड्यांच्या मोबदल्यांत तेथील शिकारी लोखंडी कुऱ्हाडी, सुऱ्या, तांब्याचीं भांडीं, कापड आणि पुढें बंदुका मागूं लागले. लोखंडी कुऱ्हाड एकदां हातीं आल्यावर दगडी कुऱ्हाडीकडे कोण वळणार? पण लोखंड झिजतें, मोडतें. त्याला लोहार लागतो, आणि लोहार तर परक्यांच्या वस्तींत. गिरणीचें कापड आल्यावर आपल्याकडील कोष्ट्याच्या मागाचें काय झालें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ही परावलंबनाची वाट निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं. फरक इतकाच कीं, येथें ग्राहकानें परक्या मालावर आपला शिक्का उमटविल्यावांचून तो स्वीकारला नाहीं. तो कसा, हें समजण्यासाठीं ही वस्तु घडे कशी हें पाहिलें पाहिजे.

सरहद्दीवरील लोहार मऊ लोखंडाची एक पट्टी घेई आणि तिचा मध्यभाग तापवून पातळ करी. मग ती पट्टी एका निमुळत्या गजाभोंवतीं वाकवून तिचीं दोन्हीं टोंकें एकावर एक आणी. गजाभोंवतीं जी पोकळी राही तें दांडा बसविण्याचें नेढें. एकावर एक आलेल्या टोंकांच्या मध्यें पोलादाची एक चीप सरकवून तो सगळा भाग पांढरा होईपर्यंत तापवीत, आणि ऐरणीवर घणाचे घाव घालून एकजीव करीत. मऊ लोखंड आघात सोसतें, पण धार धरीत नाहीं. पोलाद धार धरतें, पण त्या काळीं तें महाग होतें आणि एकटें ठिसूळही ठरे. म्हणून अंग लोखंडाचें आणि ओठ पोलादाचे. नेढें निमुळतें असल्यानें दांडा बहुधा आपल्या कुदळीच्या दांड्याप्रमाणें वरून खालीं ओवीत. म्हणजे घाव घालतांना किंवा हत्यार फेंकतांना पातें निसटून जात नसे.

चिलमीचा टॉमहॉक अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत उदयास आला, आणि तेथें लोहाराच्या कौशल्याची खरी कसोटी लागली. माथ्याच्या जागीं चिलमीची वाटी हवी. ती कधीं पात्याबरोबरच घडवून मग पोखरीत, कधीं निराळी करून जोडीत. वाटीच्या तळापासून नेढ्यापर्यंत बारीक छिद्र पाडीत. दांडाही आरपार पोकळ हवा. त्यासाठीं ॲश नांवाच्या झाडाचें लांकूड सोयीचें. त्याच्या बारीक फांदीचा गाभा मऊ असतो, आणि तापलेली तार त्यांतून ढकलीत नेली कीं गाभा जळून नळी तयार होते. दांड्याचें वरचें तोंड बुचानें बंद करीत, आणि पातें व दांडा यांच्या सांध्यांतून धूर निसटूं नये म्हणून तेथें चामड्याची पट्टी घालीत. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पोकळ दांडा हा शस्त्राच्या दृष्टीनें उघड दोष होय. भरीव दांड्याचें बळ त्यास येणार नाहीं. तरीही हा दोष पत्करून धुराची वाट राखली गेली. ज्यांनीं ही वस्तु मागितली आणि ज्यांनीं ती केली, त्या दोघांच्याही मतें घाव घालण्याच्या शक्तीपेक्षां धूर ओढण्याची सोय कमी मोलाची नव्हती, हें त्या दांड्यावरूनच सिद्ध होतें.

शोभेचें काम यानंतरचें. पात्यावर टांकणीनें रेषा कोरीत. रुपें बसवावयाचें असल्यास तोंडाशीं अरुंद व तळाशीं रुंद अशी खांच कोरून तींत रुपें ठोकून भरीत. म्हणजे तें उपटून निघत नसे. बिदरी भांड्यांवर तार बसविणाऱ्या कारागिरास ही युक्ति नवी वाटणार नाहीं. दांड्यावर कथलाच्या मिश्रधातूचीं वळीं ओतीत, ओढण्याच्या टोंकास रुप्याचें किंवा कथलाचें तोंड बसवीत. पण लोहाराच्या हातून निघालेली वस्तु तेवढ्यानें पुरी होत नसे. ती ज्याच्याकडे जाई तो दांड्यावर तापलेल्या लोखंडानें पट्टे जाळी, पितळी खिळे मारी, तारेचे वेढे घेई, मण्यांनीं किंवा साळिंदराच्या काट्यांनीं सजविलेली पट्टी खालीं लोंबत सोडी. पुढें हेच टॉमहॉक इंग्लंडांतील कारखान्यांतूनही व्यापारासाठीं येऊं लागले. तरी ही दुसऱ्या हाताची शोभा थांबली नाहीं. पातें एकाचें, दांड्यावरील खूण दुसऱ्याची. अर्धें काम भट्टीपाशीं, अर्धें तंबूंत.

या घडणींत शेवटचा शब्द ग्राहकाचा असे याचें एक उत्तम उदाहरण लुईस व क्लार्क यांच्या प्रवासांत सांपडतें. मिसिसिपीपासून पश्चिम समुद्रापर्यंत मार्ग शोधण्यास निघालेली ही सरकारी मोहीम १८०४-०५ चा हिवाळा मिसूरी नदीच्या कांठीं, मॅन्डन लोकांच्या गांवांजवळ काढीत होती. थंडी कडाक्याची, आणि जवळचें धान्य मोजकें. मॅन्डन व हिदात्सा बायकांनीं पिकविलेला मका शेजारींच होता. पण त्याचा मोबदला काय द्यावयाचा? तेव्हां जॉन शील्ड्स आदिकरून मोहिमेंतील लोहारांनीं भाता पेटविला, आणि त्या लोकांच्या आवडीच्या घाटाच्या युद्धकुऱ्हाडी घडवून त्यांच्या मोबदल्यांत मका मिळविला. लुईस यास तो घाट मुळींच पसंत नव्हता. त्याच्या मतें पातें वाजवीपेक्षां लांब व पातळ, आणि दांडा फारच आखूड. तथापि पसंती त्याची नव्हे, मका ज्यांचा होता त्यांची चालली. जळून निकामी झालेल्या लोखंडी चुलीचे चार इंच चौरस तुकडेसुद्धां प्रत्येकीं सात-आठ गॅलन मक्यास गेले. लोहार नसते तर धान्य मिळविणें कठीण झालें असतें, अशी कबुली लुईसनें आपल्या रोजनिशींत दिली आहे. पुढें १८०६ सालीं परतीच्या वाटेवर त्याच मोहिमेंतील सार्जंट ऑर्डवे यास रॉकी पर्वताच्या पलीकडे, नेझ पर्स लोकांपाशीं, फोर्ट मॅन्डनला घडविलेल्या कुऱ्हाडी आढळल्या. सुधारलेल्या म्हणविणाऱ्या राष्ट्राचे शिपाई एका हिवाळ्यांत ‘रानटी’ म्हणविणाऱ्यांच्या अन्नावर जगले, आणि त्यांनीं दिलेली वस्तु त्यांच्याआधीं पर्वत ओलांडून गेली!

व्यापाराहून मोठा मान नजराण्याच्या टॉमहॉकास होता. शस्त्र हें केवळ मारण्याचें साधन नसून अधिकाराची किंवा नात्याची खूण असूं शकतें, हें मराठी वाचकास पटवून देण्याचें कारण नाहीं. आपल्या राज्यांत प्रधानपदाच्या वस्त्रांबरोबर शिक्केकट्यार दिली जात असे; ती कट्यार कोणाच्या पोटांत खुपसण्यासाठीं नसे. तसेंच दरबारांत मिळणारा विडा मानाचाही असे आणि मोहिमेवर जाण्याच्या प्रतिज्ञेचाही असे. ओंटॅरिओ सरोवराच्या दक्षिणेस राहणाऱ्या सहा राष्ट्रांच्या संघांत, ज्यास इंग्रज इरोक्वाय म्हणत आणि जो स्वतःस हौडेनोसौनी म्हणवितो, शस्त्रें पुरून टाकणें ही तहाची खूण होती. आणि एकत्र बसून चिलीम ओढणें ही त्या खंडांतील कितीतरी लोकांमध्यें बोललेल्या शब्दास साक्ष ठेवण्याची रीत होती. चिलीम आणि कुऱ्हाड एका दांड्यावर आल्या, याचा अर्थ असा कीं, तह मोडला तर काय होईल हें तहाच्या खुणेंतच दिसत राहिलें.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कॉर्नप्लँटर या सेनेका पुढाऱ्याचा टॉमहॉक. सेनेका हें वरील सहा राष्ट्रांपैकीं एक. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत त्यांतील बरेच लोक इंग्रजांच्या बाजूनें लढले, म्हणून १७७९ सालीं वॉशिंग्टनच्या आज्ञेनें जनरल सलिव्हन यानें त्यांच्या मुलखांत शिरून चाळीसांहून अधिक गांवें जाळलीं, उभीं पिकें व फळबागा तोडल्या. तेथें वॉशिंग्टनला गांवांचा विध्वंसक या अर्थाचें नांव होतें. १७९० सालीं कॉर्नप्लँटर फिलाडेल्फियास जाऊन अध्यक्ष वॉशिंग्टन यांस भेटला, तेव्हां तें नांव उच्चारलें जातांच आपल्या बायका अजूनही दचकून मागें पाहतात आणि पोरें आईला बिलगतात, हें त्यानें तोंडावर सांगितलें. यानंतर, १७९२ च्या सुमारास, त्याच वॉशिंग्टननें त्यास चिलमीचा टॉमहॉक नजर केला. पात्याच्या एका बाजूस कॉर्नप्लँटरचें सेनेका नांव आहे. दुसऱ्या बाजूस जॉन अँड्रूस असें नांव आहे, तें बहुधा घडविणाऱ्याचें असावें. १७९४ सालीं कॅनन्डेग्वा येथें तह झाला. सेनेकांची म्हणून ठरलेली भूमि संयुक्त संस्थानें कधींही बळकावणार नाहींत, सहा राष्ट्रांना वर्षास ४५०० डॉलर किंमतीचें कापड, जनावरें, अवजारें दिलीं जातील आणि त्याच रकमेंतून त्यांच्याजवळ राहणाऱ्या उपयोगी कारागिरांचा खर्चही चालेल, असें त्यांत लिहिलें आहे. त्या तहावर कॉर्नप्लँटरचीही सही आहे.

पुढची हकीकत विचार करावयास लावणारी आहे. हा टॉमहॉक कालांतरानें ईली पार्कर या सेनेका गृहस्थानें विकत घेतला. १८६५ सालीं ॲपोमॅटॉक्स येथें जनरल लीच्या शरणागतीच्या अटी ज्यानें स्वच्छ अक्षरांत उतरविल्या तोच हा पार्कर. मूळचा दांडा राहिला नव्हता; म्हणून त्यानें मेपलच्या लांकडाचा, रुपें जडविलेला नवा दांडा करविला आणि मूळचा जसा असावा तशी शोभा आणण्याचा यत्न केला. १८५१ सालीं त्यानें ही वस्तु न्यूयॉर्कच्या सरकारी संग्रहालयास दिली. तेथून ती १९४७ ते १९५० या काळांत केव्हां तरी नाहींशी झाली. इकडे अलीघेनी नदीवर किन्झुआ धरण बांधलें गेलें आणि १९६५ सालीं पुरें झालें. सेनेकांची सुमारें दहा हजार एकर भूमि, जिच्यासंबंधीं १७९४ चें वचन होतें, त्याच्या पाण्याखालीं गेली. कॉर्नप्लँटरच्या वंशजांची निराळी जागाही बुडाली. त्याचें थडगेंसुद्धां उकरून दुसरीकडे हलवावें लागलें. २०१८ सालीं एका निनांवी संग्राहकाकडून टॉमहॉक संग्रहालयास परत आला. कुऱ्हाड परत आली. भूमि आली नाहीं. तहांतील कापड मात्र आमच्या काळापर्यंत वर्षासनाप्रमाणें पाठविलें जात आहे, आणि सेनेका तें घेतात. कारण कापड घेणें म्हणजे तह जिवंत आहे असें दरवर्षीं बजावणें होय.

हा झाला बलवानानें दिलेला नजराणा. उलट दिशेनें दिलेल्या नजराण्याचें उदाहरण त्याहून हृदयस्पर्शी आहे. १८७७ सालीं नेब्रास्कांतील पोंका लोकांस त्यांच्या मायभूमींतून उठवून दक्षिणेस नेण्यांत आलें. तेथें स्टँडिंग बेअर या नायकाचा मुलगा वारला. त्याच्या अस्थि मायभूमींत पुराव्या म्हणून १८७९ च्या जानेवारींत ऐन हिवाळ्यांत हा बाप थोड्या सोबत्यांसह पायीं उत्तरेकडे निघाला, आणि वाटेंत पकडला गेला. ओमाहा येथील न्यायालयांत त्याच्या वतीनें अर्ज झाला. सरकारी वकिलानें तर इंडियन हा कायद्याच्या दृष्टीनें ‘व्यक्ति’च नव्हे असें म्हणणें मांडलें. न्यायाधीश डंडी यांनीं तें फेटाळलें आणि स्टँडिंग बेअर मोकळा झाला. आपल्या बाजूनें फुकट लढणाऱ्या जॉन वेबस्टर या वकिलास त्यानें कृतज्ञतेनें आपला टॉमहॉक दिला. ज्याच्यापाशीं देण्यासारखें दुसरें फारसें उरलें नव्हतें, त्यानें आपलें शस्त्र न्यायासाठीं झटणाऱ्याच्या हातीं ठेवलें. ही वस्तु पुढें हातोहात फिरत १९८२ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयांत पोंचली, आणि २०२२ सालीं पोंका लोकांस परत मिळाली.

आज अमेरिकेंत जुन्या सरहद्दीच्या घाटाचे टॉमहॉक हातानें घडविणारे हौशी व व्यवसायी कारागीर पुष्कळ आहेत. १९३३ सालीं जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांनीं एक राष्ट्रीय संघ स्थापिला, तेव्हांपासून त्या काळच्या हत्यारांचें व हुन्नराचें पुनरुज्जीवन जोमानें चाललें आहे. हॅरोल्ड पीटर्सन याचा या विषयावरील ग्रंथ १९६५ सालीं निघाला, आणि कारागिरांना जुन्या नमुन्यांचें दालनच खुलें झालें. पट्टी वाकविणें, पोलाद सरकविणें, गाभा जाळणें, रुपें ठोकणें, हें सर्व कित्येकजण पूर्वीच्याच निष्ठेनें करतात. या परिश्रमाची थट्टा करण्याचें कारण नाहीं. हातानें केल्याशिवाय कितीतरी गोष्टी कळत नाहींत, आणि पोकळ दांड्याचें रहस्य तार तापविणाऱ्यासच प्रथम उमगतें. पण या हुन्नराला एक धर्मही आहे. नव्या लोखंडावर मुद्दाम गंज चढवून तें जुनें म्हणून खपविणें किंवा मूळ रहिवाशांचें नांव लावून विकणें, ही शोभा नव्हे, लबाडी होय. यांपैकीं दुसऱ्या प्रकारास तर १९९० च्या कायद्यानें तेथें गुन्हाच ठरविलें आहे. या बाबतींत कॉर्नप्लँटरच्या टॉमहॉकावरील नांवें उत्तम मार्गदर्शक आहेत. कारागिरानें पात्यावर स्वतःचें नांव कोरावें. आणि जो घाट, जी नक्षी आपण उसनी घेतली ती कोणाची, हेंही तितक्याच स्पष्टपणें सांगावें. मग नवी वस्तुही खोटी ठरणार नाहीं.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परक्या लोखंडाला आपलेंच लांकूड मिळालें नसतें तर अरण्य तुटलें नसतें, असा तिचा रोख. टॉमहॉकाचा इतिहास वरवर वाचणारा हीच म्हण तेथेंही लावील. पातें बाहेरून आलें, दांडा तेथल्या झाडाचा, आणि गोत तर खरोखरच उद्ध्वस्त झालें. परंतु त्या दांड्यावर हा आरोप टिकत नाहीं. तो आंतून पोकळ करून त्याच्या मालकांनीं त्यांत धुराला जागा करून दिली होती, आणि समोरच्यानेंही ती चिलीम तोंडास लावून मान डोलाविली होती. मोडला तो दांडा नव्हे. मोडला तो त्या वेळीं दिलेला शब्द. संग्रहालयांच्या कपाटांतून त्या कुऱ्हाडी आतां एकेक करून आपापल्या घरीं परतूं लागल्या आहेत. त्यांच्याबरोबर दिलेल्या शब्दाचा हिशेब अजून व्हावयाचा आहे.